दोन्ही घरांत कुणालाच नाही, मग बाळाला कुठून आलं?

थॅलेसेमियाचं, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन पुरेसं तयार न होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, निदान झालेल्या बाळाचे आईवडील समुपदेशनाला येतात तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्यात कुणाला नाही, त्यांच्यात कुणाला नाही, मग हे आलं कुठनं?" दुसरा प्रश्न बाई एकटी असली की येतो: "दोष माझ्यात आहे का?" इथे ज्या कुटुंबाची हकिगत आहे त्यांच्याकडे हे दोन्ही प्रश्न होते. शिवाय घरात एक सोयरीक जवळपास ठरली होती, तिचं काय करायचं हा तिसरा. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

खानापूर तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. नवरा-बायको आते-मामे भावंडं. त्याची आई आणि तिचे वडील सख्खे बहीण-भाऊ, म्हणजे सासू ही सुनेची सख्खी आत्या. मोठा मुलगा पाच वर्षांचा, धडधाकट. धाकटी मुलगी नऊ महिन्यांची. पाचव्या महिन्यापर्यंत तिचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग दूध कमी झालं, तळहात-ओठ फिकट पडले, पोट पुढे आलं. "रक्त कमी आहे" म्हणून दोन महिने लोहाचं औषध दिलं, पण हिमोग्लोबिन वाढण्याऐवजी ७ वरून ५.४ वर आलं. बेळगावला आणल्यावर यकृत आणि प्लीहा दोन्ही हाताला लागत होते. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, ९० टक्क्यांच्या वर आलं. निदान झालं बीटा थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार.

एक गोष्ट इथे वेळेवर झाली. तपासणीसाठीचा नमुना पहिलं रक्त चढवण्याआधी घेतला गेला होता. घाईत आधी रक्त चढवलं तर त्यानंतर सुमारे तीन महिने एचपीएलसीवर बाळाच्या रक्ताबरोबर दात्याचं रक्तही मोजलं जातं आणि अहवाल फसवा येतो. मग आईवडिलांची तपासणी आणि डीएनए यांवरून निदान ओढून काढावं लागतं. लहान बाळाचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल आणि पोट वाढलेलं असेल, तर रक्ताची पिशवी लावण्याआधी दोन-तीन मिलिलिटर नमुना बाजूला काढायला सांगण्याचा हक्क पालकांना आहे. तो त्यांनी जरूर वापरावा.

आईच्या मनात वेगळीच भीती घर करून होती. "पोटात नऊ महिने बरी होती, पुढं पाच महिने बरी होती. मग आम्हीच काही केलं का? टोचलं म्हणून झालं का?" शेजारणींनी लसीवर बोट ठेवलं होतं. तिला आधी हे सांगितलं की जन्मापर्यंत आणि जन्मानंतरचे काही महिने बाळाचं काम एचबीएफवर चालतं आणि त्यात बीटा साखळी, म्हणजे मोठेपणीच्या हिमोग्लोबिनचा एक प्रथिन-भाग, लागतच नाही. जन्मानंतर शरीर हळूहळू बीटा साखळीच्या हिमोग्लोबिनकडे वळतं. बीटाच तयार होत नसेल तर तूट दिसायला सहा महिने ते दोन वर्षं हाच काळ असतो. लसही याच महिन्यांत दिली जाते, त्यामुळे नाव तिचं येतं. बाळाला हा आजार गर्भधारणेच्या क्षणापासून होता. आईनं काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाहिलं, कधी टोचलं, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

सासूबाईंचा मुद्दा मात्र विचार करून मांडलेला होता. "आमच्या माहेरात सहावं बोट हाय. माझ्या आज्याला होतं, बापाला होतं, या पोरीच्या बापाला हाय. घराण्यात जे असतं ते असं दिसतं की ओ. हा रोग घराण्यात असता तर एवढ्या पिढ्यांत एकाला तरी दिसला नसता?"

त्यांनी पाहिलेलं बरोबर होतं, फक्त अनुवंशाचा तो एक प्रकार झाला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काही गुणांना दोनपैकी एकच बदललेली प्रत पुरते. घराण्यात चालत आलेलं सहावं बोट पुष्कळदा असंच, प्रभावी रीतीनं येतं. ज्याच्याकडे ती प्रत आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी, आणि मिळाली की बहुधा दिसते. म्हणून ते आजा, बाप, मुलगा असं ओळीनं दिसतं. कधी कधी प्रत असूनही बोट येत नाही आणि एक पिढी सुटल्यासारखी वाटते, पण पुढच्या पिढीत ते पुन्हा उगवतं. प्रभावी म्हणजे जास्त लोकांत असणारं, असंही नाही. सहावं बोट प्रभावी असूनही जगातल्या बहुतेकांना पाचच बोटं असतात.

बीटा थॅलेसेमिया अप्रभावी रीतीनं येतो. बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल, तर चांगली प्रत पुरेशी साखळी बनवते आणि माणूस शेतात राबतो, बाळंतपणं करतो, म्हातारा होतो. त्याला वाहक म्हणतात. वाहक हा रुग्ण नव्हे आणि वाहकपण पुढे वाढून आजार होत नाही. बिघडलेली प्रत अशी निरोगी माणसांतून पाच-सहा पिढ्या गुपचूप चालत येऊ शकते. दोन वाहक एकत्र आले आणि दोघांनीही नेमकी तीच प्रत बाळाला दिली, तेव्हाच आजार प्रकट होतो. त्यामुळे "सात पिढ्यांत कुणाला नाही" हे वाक्य या आजाराच्या विरोधातला पुरावा ठरत नाही. अप्रभावी आजाराच्या घराण्याचा इतिहास असाच कोरा असतो.

शक्यतांचं गणित तोंडानं सांगून डोक्यात बसत नाही. त्यासाठी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या आणि प्रत्येकीत शर्टाच्या दोन सारख्या आकाराच्या गुंड्या टाकल्या, एक पांढरी, एक काळी. एक वाटी वडिलांची, एक आईची. दोघांनी डोळे मिटून आपापल्या वाटीतून एक गुंडी काढायची, जोडी कागदावर लिहायची आणि गुंड्या परत वाटीत टाकायच्या. परत टाकणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक गर्भधारणेला दोन्ही वाट्या पुन्हा भरलेल्या असतात. पांढरी-पांढरी आली तर बाळ पूर्ण मोकळं. एक पांढरी एक काळी आली, कुणाचीही कुठलीही, तर वाहक. काळी-काळी आली तर आजार. चार जोड्या सारख्याच शक्यतेच्या, म्हणून आजार चारांत एक, वाहक चारांत दोन, मोकळं चारांत एक.

पहिल्या चार खेपांतच काळी-काळी दोनदा आली. नंतर बराच वेळ आलीच नाही. नवऱ्याच्या डोक्यात जी समजूत होती ती इथेच सुटली. तो मनाशी धरून चालला होता की चारांत एक म्हणजे एक झालं, आता पुढची तीन चांगली. वाट्यांना मागचं काही आठवत नाही. पहिलं मूल धडधाकट, दुसरं आजारी, तरी तिसऱ्या वेळी शक्यता पुन्हा चारांत एक. ती कमी होत नाही आणि "आता ओळीनं सगळ्यांना होणार" अशी वाढतही नाही.

हे प्रमाण पहिल्यांदा नीट मोजलं ते ग्रेगर मेंडेल यांनी, वाटाण्यावर, आणि १८६६ साली छापलं. गोल दाण्याचे आणि सुरकुतलेल्या दाण्याचे वाटाणे त्यांनी एकत्र केले तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती गेली असं कुणालाही वाटलं असतं. त्या गोल दाण्यांच्या झाडांचं आपसात फलन झाल्यावर पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे तिनास एक. मधल्या पिढीत न दिसलेली गोष्ट होती तिथेच होती. आकडा मोठा असला की प्रमाण असं नेमकं बसतं. दोन-तीन मुलांच्या घरात ते बसेलच असं नाही, आणि घरच्यांची फसगत नेमकी तिथे होते.

आता अहवाल. वडिलांचं हिमोग्लोबिन १३.१, तांबड्या पेशी ६३ लाख, पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ६४, एचबीए२ (मोठेपणीच्या हिमोग्लोबिनचा एक किरकोळ प्रकार) ५.३ टक्के. आईचं हिमोग्लोबिन १०.२, तांबड्या पेशी ५४ लाख, एमसीव्ही ६१, एचबीए२ ४.९ टक्के, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ९. एचबीए२ ३.५ च्या वर असणं ही वाहकाची खूण, आणि दोघांचाही आकडा स्पष्ट आहे.

साध्या सीबीसीवरही, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीवरही, संशय येऊ शकतो, तो कसा ते सांगण्यासारखं आहे. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, २७ च्या खाली, आणि तरी तांबड्या पेशींची संख्या भरपूर, अशी जोडी दिसली की वाहकपणाचा विचार करायचा. लोह कमी असताना पेशी लहान होतात आणि संख्येनंही कमी होतात. वाहकात पेशी लहान असतात पण संख्येनं जास्त. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येनं भागायचं: वडिलांचं ६४ भागिले ६.३ म्हणजे साधारण १०. उत्तर १३ च्या खाली आलं तर वाहक असण्याकडे कल, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. हा फक्त इशारा आहे. निदान एचपीएलसीवरच करायचं.

आईच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र होत्या. ती वाहक होती आणि फेरिटिन ९ म्हणजे लोहही खरोखर कमी होतं. दोन्ही गरोदरपणांत लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं हिमोग्लोबिन १०.५ च्या वर गेलं नव्हतं. गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नाही, हीच एचपीएलसी करण्याची वेळ असते. "गोळ्या घेत नसशील" असं म्हणून ती वेळ वाया जाते. तिला आता लोह द्यायचं, पण फेरिटिन सुधारेपर्यंतच. वाहकाच्या पेशी लोह भरपूर असलं तरी लहानच राहतात. आकडा सुधारत नाही म्हणून वर्षानुवर्षं लोह चालू ठेवलं तर ते शरीरात साठून त्रास देतं.

एचपीएलसीसुद्धा कधी कधी चकवते. लोह फार कमी असेल तर एचबीए२ थोडं खाली येतं आणि सीमेवरचा वाहक, म्हणजे ३.२ ते ३.५ च्या आसपासचा, "नॉर्मल" म्हणून सुटतो. उलट बी-१२ ची कमतरता असली तर एचबीए२ थोडं वर दिसू शकतं. म्हणून सीमेवरचा आकडा आला की फेरिटिन आणि बी-१२ पाहायचं, कमतरता भरून काढायची आणि तपासणी पुन्हा करायची. लग्नाचा निर्णय अवलंबून असेल तर डीएनए तपासणीच करून घ्यावी.

आणखी एक समज इथे हमखास निघतो: नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्यामुळे मूल असं झालं. या दोघांचा गट ओ पॉझिटिव्ह होता आणि कुणीतरी ते त्यांच्या मनात भरवलं होतं. एबीओ गट ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं, त्याचा बीटा साखळीशी संबंध नाही. लग्नाआधी रक्तगट जुळवून घेणारी कुटुंबं पुष्कळ भेटतात. त्याच सुईतून काढलेल्या रक्तावर एचपीएलसी केली असती तर खरा प्रश्न सुटला असता, ही रुखरुख दर वेळी वाटते.

मग वंशावळ काढायला घेतली. ती नेहमी खालून वर काढायची: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहकाला अर्धी भरलेली खूण, रुग्णाला पूर्ण भरलेली. खाली नऊ महिन्यांच्या मुलीचं पूर्ण काळं वर्तुळ, वर आईवडिलांच्या अर्ध्या खुणा. त्यांच्या वर चार जागा कोऱ्या. "कुणाकडनं आलं" याचा अंदाज तोंडानं सांगायचा नाही, कारण अंदाज चुकू शकतो. आते-मामे भावंडं आहेत म्हणून दोघांचीही प्रत एकाच आजी-आजोबांकडून आली असावी असं वाटतं. पण नवऱ्याची प्रत त्याच्या वडिलांकडूनही आलेली असू शकते. तपासल्याशिवाय ठरत नाही. आणि वडीलधाऱ्यांना तपासायचं ते पुढच्या कुठल्या फांद्या तपासायच्या हे कळावं म्हणून. कुणाला दोषी ठरवण्यासाठी ही तपासणी मागितली, तर आम्ही नाही म्हणतो.

इथे कारण होतं, धाकट्या दिराची सोयरीक. तेव्हा सासू-सासरे आणि सुनेचे आईवडील असे चौघे तपासले. सासूबाई वाहक निघाल्या, सुनेचे वडील वाहक, बाकीचे दोघे मोकळे. डीएनएमध्ये नवरा-बायको दोघांतही तोच बदल सापडला, आयव्हीएस १-५, जो भारतात सगळ्यात जास्त आढळतो. भारतात तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, त्यामुळे नुसता बदल सारखा असणं पुरावा म्हणून पुरलं नसतं. पण बहीण-भाऊ दोघंही वाहक निघाल्यावर तो त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला हे जवळपास ठरतं.

सासूबाईंनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे माझ्याच माहेरचं?" त्या वेळेपर्यंत सून "वाईट पायगुणाची" असं घरात बोललं गेलं होतं. उत्तर देताना शब्द तोलून वापरावे लागतात, कारण एका बाईवरचा दोष काढून दुसरीच्या माथी मारणं हेही तितकंच चुकीचं. त्यांना सांगितलं ते असं: आत्या, ही प्रत तुम्हाला मिळाली तेव्हा तुम्ही जन्मलाही नव्हता. तुमच्या भावाला मिळाली तेव्हा त्यालाही विचारलं नव्हतं. आणि काळी गुंडी एकाच वाटीतून आली असती तर ही मुलगी आजारी झालीच नसती.

देवकाचा प्रश्नही त्यांनीच काढला. "देवक बघूनच लग्न केलं होतं. देवक वेगळं आहे दोघांचं." खरं आहे. देवक चालतं वडिलांच्या बाजूनं. आजोबांचं देवक मुलाकडून नातीला मिळालं, पण मुलगी लग्न करून दुसऱ्या घरी गेल्यावर तिच्या मुलाला बापाचं देवक लागलं. म्हणून मामेबहीण आणि आतेभाऊ यांची देवकं वेगळी असतात आणि हे लग्न चालतं. बीटाचं जनुक मात्र मुलाकडून जातं तसंच मुलीकडूनही जातं. आजोळची प्रत लेकीबरोबर सासरी येते आणि तिचं देवक बदललं तरी प्रत बदलत नाही. रूढी आपल्या जागी राहू द्या, तिच्याकडून रक्ताच्या तपासणीचं काम होणार नाही एवढंच.

मग नात्यातली लग्नं बंदच करायची का? यावर सरसकट धाक घालणं बरोबर नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळाला जन्मतः गंभीर दोष असण्याची शक्यता दोन ते तीन टक्के धरतात. सख्ख्या आते-मामे भावंडांत त्यात साधारण आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव बाळं चांगलीच असतात. मामा-भाचीच्या लग्नात, जी आपल्या भागात अजून होतात, समान जनुकांचा वाटा आते-मामे भावंडांच्या दुप्पट असतो, एक-अष्टमांशाऐवजी एक-चतुर्थांश. पण घराण्यात वाहक असल्याचं कळलं की हे सर्वसाधारण आकडे बाजूला ठेवायचे. आजोबा वाहक असतील तर नातवाला ती प्रत पोचण्याची शक्यता चारांत एक, नातीला चारांत एक, दोघांनाही सोळांत एक, आणि त्यांच्या बाळाला आजार चौसष्टांत एक. नात्यात नसलेल्या, काहीच माहीत नसलेल्या जोडप्यात हीच शक्यता ढोबळमानानं अडीच हजारांत एक येते. आणि वाहक मुलानं "बाहेरची" मुलगी केली म्हणजे सुटला, असंही नाही. तीही शंभरातल्या तीन-चारांपैकी असू शकते.

ठरत आलेली सोयरीक होती धाकट्या दिराची, सुनेच्याच धाकट्या बहिणीशी. एका मांडवात दोन बहिणी दोन भावांना, अशी जुनी इच्छा. त्यांचं नातंही हेच, त्याची आई वाहक, तिचे वडील वाहक. तपासणीशिवाय हिशेब असा: त्याला प्रत मिळाली असण्याची शक्यता निम्मी, तिला निम्मी, दोघांनाही चारांत एक, प्रत्येक बाळाला आजार सोळांत एक. सोळांत एक ऐकून घरात दोन तट पडले, कुणी "मोडा" म्हणे, कुणी "देवावर सोडा". दोन्हीची गरज नव्हती. दोघांचं रक्त तपासलं की सोळांत एक हा आकडा उरत नाही. तो शून्यावर येतो, किंवा चारांत एकावर जातो. तपासणी साखरपुड्याआधी करायची, कारण साखरपुड्यानंतर अहवालाला कुणी मोकळ्या मनानं पाहत नाही.

दोघांचे अहवाल ज्याचे त्याला, स्वतंत्र खोलीत दिले. दोघांच्या संमतीनंच ते घरच्यांसमोर ठेवले. मुलगा वाहक, एचबीए२ ५.२. मुलीचं एचबीए२ २.६, एमसीव्ही ८६, फेरिटिन व्यवस्थित, आणि घराण्यातला बदल आधीच ओळखीचा असल्यामुळे डीएनएवर तोच एक तपासला, तो तिच्यात नव्हता. म्हणजे यांची मुलं निम्म्या शक्यतेनं वाहक होतील, थॅलेसेमिया मेजर एकालाही होणार नाही. मुलीमध्ये एचबीएस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) किंवा एचबीई हे बदललेले प्रकारही नाहीत, हे त्याच एचपीएलसीवर पाहिलं. सिकलसेलची प्रत आणि बीटा थॅलेसेमियाची प्रत एकत्र आली तरी बाळ आजारी होतं, म्हणून "थॅलेसेमिया नाही" एवढ्यावर थांबायचं नाही. लग्न झालं. दोघंही वाहक निघाले असते तरी लग्न मोडा असं सांगणं आमचं काम नव्हतं. गर्भजल किंवा वारेची तपासणी करून मूल होऊ देणं, मूल न होऊ देणं, दत्तक घेणं, किंवा दुसरं स्थळ पाहणं, हे सगळे मार्ग पुढे ठेवून निर्णय त्या दोघांवर सोडला असता.

आता थोरल्या जोडप्याला तिसरं मूल हवं असेल तर काय. सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. चौथ्या-पाचव्या महिन्यात धावत येतात आणि तोवर आईवडिलांचा डीएनए अहवालही हातात नसतो. या जोडप्याचा बदल आधीच ओळखला गेला आहे, तो कागद जपून ठेवायचा. पाळी चुकली की लगेच नोंद आणि सोनोग्राफीनं आठवडे नक्की करून घेणं. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासणी होते. ती वेळ हुकली तर १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो, साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी, तो आधी सांगून लेखी संमती घेतली जाते. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी ही तपासणी करायला परवानगी आहे, लिंग मात्र सांगितलं जात नाही आणि विचारायचंही नाही. बाळ वाहक निघालं तर गर्भाला काही धोका नाही, गरोदरपण नेहमीसारखं चालू ठेवायचं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण "वाहक" हा शब्द अहवालात वाचून घाबरलेली जोडपी येतात. बाळाला मेजर असेल तर पुढे काय, हा निर्णय आईचा आणि कुटुंबाचा. कायद्याच्या मुदतीत बसायचं तर तपासणी लवकर झालेली हवी.

थोरला मुलगा धडधाकट आहे, म्हणजे काळी-काळी त्याच्या वाट्याला आली नाही. उरलेल्या तीन जोड्यांपैकी दोन वाहकाच्या, म्हणून तो वाहक असण्याची शक्यता तिनांत दोन. एरवी लहान मुलाचं वाहकपण तपासण्याची घाई करत नाही, मोठा होऊन त्यानं स्वतः ठरवावं. पण इथे बहिणीसाठी अस्थिमज्जा जुळते का, हे पाहायचं होतं. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे अस्थिमज्जा जुळवताना पाहायच्या पेशींवरच्या खुणा, जुळण्याची शक्यता चारांत एक, आणि वाहक भाऊ दाता होऊ शकतो. जुळली तर शक्यतो लवकर, यकृत-हृदयात लोह साठण्याआधी प्रत्यारोपण केलेलं चांगलं. कोल इंडियाच्या मदतीनं चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठरावीक रुग्णालयांत यासाठी दहा लाखांपर्यंत साहाय्य मिळतं, उत्पन्नाचा दाखला आणि वयाची अट पाहून.

तोवर मुलीचं रक्त दर तीन-चार आठवड्यांनी. चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन ९.५ ते १०.५ च्या दरम्यान राहील असं वेळापत्रक ठेवायचं. "आता खेळतेय, पुढच्या महिन्यात नेऊ" असं केलं की चेहऱ्याची हाडं रुंदावतात आणि प्लीहा वाढते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. म्हणून साधारण दहा-वीस वेळा रक्त चढवल्यावर किंवा फेरिटिन १००० च्या वर गेल्यावर लोह काढणारं औषध सुरू होतं. ते रोजचं असतं, त्यात खाडे नकोत. लोहाचं टॉनिक घरात असेल तर आजच बाजूला काढायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्यावं, पुढे शाळा आणि सवलतींसाठी ते लागतं.

एक काम अजून सुरू आहे. सासूबाईंची धाकटी बहीण चंदगडला दिली आहे आणि एक भाऊ निपाणीला असतो. दोघांनाही ती प्रत मिळाली असण्याची शक्यता निम्मी. सीमेपलीकडे चंदगडच्या दवाखान्यात नुसतं "नात्यात रक्ताचा आजार आहे" म्हटलं तर तपासणी सिकलसेलवर थांबू शकते, म्हणून त्यांना एक कागद लिहून दिला आहे: बीटा थॅलेसेमिया, आयव्हीएस १-५, सीबीसी आणि एचपीएलसी आधी, आकडा सीमेवर आला तर डीएनए. तो कागद सासूबाई स्वतः घेऊन गेल्या. त्या बहिणीच्या थोरल्या मुलासाठी स्थळं पाहणं सुरू आहे, तेव्हा पहिला नमुना त्याचा.